पिकअपच्या टायरमध्ये हवा किती भरायची? सुरुवात वजनकाट्यावरून

पंक्चरच्या दुकानासमोर पिकअप उभी राहते, पोरगा नळी ओढत येतो आणि विचारतो, "किती?" ड्रायव्हर खिडकीतूनच सांगतो, "मागं साठ, पुढं चाळीस." हौद्यात कांद्याच्या गोण्या आहेत, टोमॅटोचे क्रेट आहेत की गाडी रिकामी आहे, हे कुणी पाहत नाही. पौषातल्या पहाटे तोच आकडा आणि वैशाखातल्या दुपारीही तोच. मग दोन वर्षं चालायला हवा असा टायर आठ-दहा महिन्यांत मधोमध गोटा होतो, नाहीतर भरल्या गाडीखाली फुटतो.

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त अशा एक ते दोन टन माल वाहणाऱ्या गाड्यांसाठी हा लेख आहे. या गाड्यांची अडचण मोटारीपेक्षा वेगळी असते. मोटारीत चार माणसं बसली तरी मागच्या चाकांवरचं वजन फार बदलत नाही. पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर मात्र रिकामी असताना सातशे-आठशे किलो आणि भरल्यावर दोन टनांच्या वर भार येतो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आणि वजन पेलते ती टायरच्या आत दाबलेली हवा. रबर आणि तारा त्या हवेला कोंडून धरतात, एवढंच. वजन तिप्पट आणि हवा तेवढीच, हे गणित जमत नाही. म्हणून हवा ठरवायची ती त्या ॲक्सलवरच्या वजनावरून.

पहिला आकडा: दाराच्या खांबावरचा

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर किंवा दाराच्या कडेला कंपनीचा स्टिकर असतो. काही गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्याच्या झाकणावर असतो, आणि कुठेच नसला तर गाडीसोबत आलेल्या पुस्तकात तक्ता सापडतो. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे दिलेले असतात, आणि बहुतेक ठिकाणी रिकाम्या व भरलेल्या गाडीचेही वेगळे. जुनी गाडी घेतली असेल तर रंगकामात हा स्टिकर हमखास गेलेला असतो. अशा वेळी चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला विचारा. शेजारच्या गाडीचा आकडा उचलू नका, कारण एकाच नावाच्या पिकअपमध्ये सव्वा टनी आणि पावणेदोन टनी अशी वेगवेगळी मॉडेलं असतात आणि त्यांचे टायरही वेगळे असतात.

हा आकडा गाडीसोबत आलेल्या मापाच्या आणि प्लायच्या (म्हणजे थरांच्या ताकदीच्या) टायरसाठी आहे. टायरचं माप बदललं असेल तर तो तसाच्या तसा लागू पडत नाही.

दुसरा आकडा: टायरच्या कडेवरचा

ओल्या फडक्यानं टायरची बाजू पुसा आणि बॅटरीच्या उजेडात वाचा. समजा तिथे "२१५/७५ आर १५ एलटी, ८ पीआर, १०६/१०३" असं कोरलेलं आहे. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचं माप इंचात. ८ पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायरच्या थरांची ताकद. एलटी ही खूण हलक्या मालवाहू गाडीच्या टायरची. एलटी नसलेला, मोटारीचा टायर त्याच मापात स्वस्तात मिळाला तरी पिकअपला घालू नका.

कामाचा आकडा पुढे आहे. १०६ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो याचा सांकेतिक आकडा. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १००० आणि ११४ म्हणजे ११८०. तिरप्या रेघेमागचा लहान आकडा एका बाजूला दोन-दोन चाकं असणाऱ्या गाड्यांसाठी असतो. आपल्याकडे मागे एकेकच चाक, म्हणून पहिला आकडा धरायचा.

जवळच बारीक अक्षरांत कमाल वजन आणि त्यासमोर पीएसआयचा, म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा असतो. इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. "टायरवर ऐंशी लिहिलंय, मग ऐंशी भर," असं म्हणतात. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की ८० पीएसआय हवा असेल तेव्हाच हा टायर त्याचं पूर्ण वजन पेलेल. रोज ऐंशी भरायला ती सांगत नाही. एलटी टायरमध्ये साधारणपणे ६ पीआरला ५०, ८ पीआरला ६५ आणि १० पीआरला ८० पीएसआय हा आकडा येतो. तरी बनावटीप्रमाणे फरक असतो, तेव्हा आपल्या टायरवर जे कोरलंय तेच खरं धरा.

तिसरा आकडा: काट्याची पावती

हा आकडा बहुतेक जण कधीच काढत नाहीत. वास्तविक, बाजार समितीच्या आसपास वजनकाटे असतातच आणि मालासाठी काटा करायलाच लागतो. एकदा थोडा वेळ काढून गाडी तीनदा घ्या.

नेहमीचा माल नेहमीसारखा भरा, टाकी भरलेली असू द्या, ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस केबिनमध्ये बसलेले असू द्या. आधी पूर्ण गाडी काट्यावर घेऊन एकूण वजन लिहून घ्या. मग गाडी पुढे काढून फक्त मागची चाकं काट्यावर ठेवा. मग परत येऊन फक्त पुढची चाकं. पुढचं आणि मागचं मिळून एकूण वजनाच्या जवळपास यायला हवं. २०-३० किलोंचा फरक चालतो. त्याहून जास्त फरक आला तर काट्याच्या तोंडाशी चढ किंवा उतार आहे असं समजा आणि दुसरा काटा बघा. हँडब्रेक ओढू नका, गाडी न्यूट्रलला स्थिर उभी राहू द्या. ओढलेल्या ब्रेकमुळे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) अडकून बसतात आणि आकडा चुकतो.

काट्याच्या दोन्ही बाजूंची जागा सपाट असेल आणि काटेवाला तयार असेल तर डावी चाकं आत, उजवी बाहेर असंही एकदा घ्या. एका अंगाला भरलेल्या मालामुळे डाव्या-उजव्या चाकात शंभर किलोंचा फरक सहज निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही.

एकूण वजन आरसीवरच्या कमाल वजनापेक्षा जास्त भरलं तर पुढचा हिशेब करत बसू नका, माल उतरवा. जास्त हवा भरल्यानं पासिंग वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा मालाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्चही आपलाच. पण खरा धोका दंडाचा नाही. ब्रेक, पाटे, ॲक्सल, रिम हे सगळं त्या वजनासाठी बनवलेलंच नसतं.

हिशेब करून पाहू

समजा, रिकाम्या पिकअपचा काटा १७२० किलो आला: पुढे ९८० आणि मागे ७४०. टोमॅटोचे ७० क्रेट चढवले. क्रेट धरून एकेक साधारण २१ ते २२ किलो, म्हणजे दीड टन. आता काटा ३२२० झाला: पुढे १०८०, मागे २१४०. पुढे फक्त १०० किलो वाढले आणि मागे १४००. पिकअपमध्ये हे असंच होतं, म्हणून भरल्यावर पुढच्या चाकांना फारसं छेडायची गरज नसते.

मागच्या एका चाकावर १०७० किलो आले. टायर १० पीआर, कडेवर ११८० किलो आणि ८० पीएसआय. युरोपातल्या टायर-मापनाच्या नियमांत वजन आणि हवेचं नातं एका सोप्या सूत्रात दिलेलं आहे: चाकावरचं वजन भागिले टायरची कमाल क्षमता, त्याचा १.२५ वा घात, गुणिले टायरवरची कमाल हवा. घाताची भीती वाटत असेल तर हे आकडे वहीत लिहून ठेवा. क्षमतेच्या ९० टक्के वजन असेल तर कमाल हवेच्या ८८ टक्के हवा लागते. ८० टक्के वजनाला ७६, ७० ला ६४, ६० ला ५३ आणि निम्म्या वजनाला ४२ टक्के.

आपलं वजन ९१ टक्के, म्हणून हवा ७१ पीएसआय. पण डाव्या अंगाला माल जास्त असेल आणि त्या चाकावर ११२५ किलो येत असतील तर हिशेब ७५ वर जातो. एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांत हवा सारखीच ठेवायची, आणि ती जड बाजूच्या चाकाला पुरेल एवढी. तेव्हा मागे ७५.

आता "मागं साठ" या सवयीकडे बघा. ६० पीएसआयला हाच टायर सुमारे ९४० किलो पेलतो. ५० वर तर फक्त ८१०. म्हणजे आरसीच्या मर्यादेत माल भरूनही ५० हवेवर त्या जड बाजूच्या टायरवर ३१५ किलो जादा बोजा पडतो. कागदावर गाडी नियमात आहे, टायर मात्र ओव्हरलोड धावतोय.

उलट बाजूही पाहा. रिकाम्या गाडीत मागच्या चाकावर ३७० किलो येतात आणि सूत्र १९ पीएसआय सांगतं. तेवढी हवा कधीही ठेवू नका. सूत्र फक्त उभं वजन पेलण्याचं किमान सांगतं. वळणावर टायर रिमवरून सरकू नये, खड्ड्यात रिम वाकू नये, ब्रेक दाबताना गाडी सरळ राहावी यासाठी वेगळी हवा लागते, आणि ती धरूनच कंपनीनं आकडा दिलेला असतो. पुढच्या चाकांचंही तसंच. आपल्या उदाहरणात सूत्र पुढे ३० म्हणतं. पण घाट उतरताना ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, तेव्हा स्टिकरवर ३५-४० काय असेल ते भरायचं. म्हणून नियम एकच: स्टिकर आणि सूत्र यांत जो आकडा मोठा, तो घ्या. टायरच्या कडेवरचा कमाल आकडा मात्र थंड टायरमध्ये ओलांडू नका. हिशेब तिथपर्यंत पोचत असेल तर माल कमी करा किंवा जास्त क्षमतेचा टायर घ्या.

या हिशेबातून तीन ओळी निघतात: रिकामी, अर्धी, भरलेली. त्या कागदावर लिहून, वर पारदर्शक टेप लावून केबिनमधल्या उन्हाच्या झडपेमागे चिकटवा. ड्रायव्हर बदलला तरी आकडा बदलत नाही.

जाताना भरलेली आणि त्याच दिवशी रिकामी परत, अशी फेरी असेल तर बाजारात उभं राहून हवा सोडायची गरज नाही. तेव्हा टायर तापलेलेच असतात. भरल्या आकड्यावर परत या, पण पावसात वेग कमी ठेवा. ७५ हवेवर रिकामी मागची चाकं टणक असतात, ओल्या डांबरावर ती लवकर घसरतात. दोन-तीन दिवस गाडी रिकामीच फिरणार असेल तर मात्र सकाळी रिकाम्या आकड्यावर आणा.

माल कुठे ठेवता, तेही हवेइतकंच महत्त्वाचं

समजा गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, ३.२ मीटर आहे. फाळक्याजवळ, मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागे २०० किलोंचं नग ठेवलं, तर मागच्या ॲक्सलवर २०० नाही, सुमारे २६० किलो येतात आणि पुढच्या चाकांवरचे ६० किलो उचलले जातात. तराजूच्या दांडीसारखं आहे हे. स्टेअरिंग हलकं लागतं ते याच कारणानं, आणि हे हलकेपण घाटात चांगलं नाही. जड माल केबिनच्या भिंतीला टेकवून, तळाला, आणि हलका वर व मागे. हे जमलं की मागच्या टायरची निम्मी काळजी मिटते.

थंड टायर म्हणजे काय

वरचे सगळे आकडे थंड टायरचे आहेत. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर सावकाश चाललेली असावी. उन्हात उभ्या गाडीच्या एका बाजूचे टायर तापलेले असतात. त्यामुळे पहाटे, निघण्यापूर्वी तपासणं सर्वांत चांगलं.

तापमानाचा परिणाम पिकअपमध्ये मोटारीपेक्षा जास्त दिसतो, कारण मुळात हवाच जास्त असते. ६० पीएसआय भरलेल्या टायरमध्ये दर १० अंश सेल्सिअसला सुमारे अडीच पीएसआय फरक पडतो. निफाडकडे थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि दुपारी तिशी गाठतो. तिथे दुपारी उभ्या गाडीत बरोबर ६० भरलेली हवा दुसऱ्या पहाटे ५५ दिसते. टायर गळत नाहीये, हवा आकसली आहे. म्हणून तुम्ही निघता त्या वेळच्या थंडीत आकडा बरोबर हवा. घाट उतरून कोकणात किंवा वाशीच्या बाजारात गेल्यावर समुद्रसपाटीच्या वातावरणाचा दाब वाढल्यानं गेज एखादा पीएसआय कमी दाखवतं. त्याकडे लक्ष देऊ नका.

भरलेली गाडी तासभर चालली की हवा १० ते १५ टक्क्यांनी वाढते. ७० चे ७७-८० होणं हे बरोबर आहे, टायर बनवताना हे गृहीत धरलेलं असतं. धाब्यावर थांबून तापलेल्या टायरची हवा सोडणं ही जिवावर बेतणारी चूक आहे. आता सोडलेली हवा टायर थंड झाल्यावर आणखी कमी होते, मग टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि पुन्हा गेज जास्त दाखवतं. वाढ २० टक्क्यांच्या पुढे जात असेल तर तो इशारा आहे. हवा मुळातच कमी होती, माल जास्त आहे किंवा वेग जास्त आहे. सावलीत थांबून टायर गार होऊ द्या आणि कारण शोधा.

थांबल्यावर एक सवय लावून घ्या. हाताचा मागचा भाग चारही टायरच्या बाजूजवळ आणि रिमजवळ न्या. चारही सारखे गरम असतील तर ठीक. एकच रिम भाजत असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग गेलंय. रिम गार आणि एकच टायर गरम असेल तर त्यात हवा कमी आहे.

गेज आणि पंप

मोटारीसाठी मिळणारं ६० पर्यंतचं गेज इथे उपयोगाचं नाही. ० ते १०० किंवा १२० पीएसआयचं, डायलचं किंवा चांगलं डिजिटल गेज स्वतःचं ठेवा. मापाच्या मधल्या भागात गेज सर्वांत अचूक असतं. दुकानातल्या, वर्षानुवर्षं जमिनीवर आपटलेल्या गेजमध्ये पाच-सात पीएसआयचा फरक नवीन नाही. महिन्यातून एकदा टायरच्या चांगल्या दुकानात आपलं आणि त्यांचं गेज एकाच चाकाला लावून ताडून पाहा. पेट्रोल पंपावर हवा मोफत देणं बंधनकारक आहे. मात्र तिथलं यंत्र मोटारींच्या आकड्यांसाठी लावलेलं असू शकतं, तेव्हा ७५ खरंच भरले का ते आपल्या गेजवर बघा.

आकड्यांच्या एककात गल्लत होते, तेही लक्षात असू द्या. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, १ पीएसआय म्हणजे सुमारे ७ किलोपास्कल. स्टिकरवर ४५० किलोपास्कल असेल तर ते ६५ पीएसआय.

बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवायचा असेल तर तो लायटरच्या सॉकेटऐवजी थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडणारा घ्या. मोठ्या टायरमध्ये ५० च्या पुढे हवा ढकलताना पंप जोर मारतो, तेव्हा सॉकेटचा फ्यूज उडतो.

व्हॉल्व्ह: दहा-वीस रुपयांची जागा

ट्यूबलेस रिमवर साधा रबरी व्हॉल्व्ह असतो. नेहमीच्या टीआर ४१३ जातीचा रबरी व्हॉल्व्ह थंड टायरमध्ये ६५ पीएसआयपर्यंतच मान्य आहे. म्हणजे ७५ हवा ठेवायची तर जास्त दाबाचा किंवा नटानं कसायचा धातूचा व्हॉल्व्हच हवा. टायर बदलताना व्हॉल्व्हही बदला. हे टायरवाला विचारत नाही, तुम्हीच सांगा.

तपासायची रीत सोपी आहे. टोपी काढा, व्हॉल्व्ह अंगठ्यानं हळूच एका बाजूला वाकवा आणि त्याच्या मुळाशी, रिमच्या भोकाजवळ बघा. बारीक काळ्या भेगा तोंड उघडतात. मग साबणाच्या पाण्याचा एक थेंब तोंडावर सोडा. मोहरीएवढा फुगा हळूहळू मोठा होत गेला तर पिन गळतेय. पिन काढायच्या छोट्या चावीनं पाव फेरा कसून बघा, नाही थांबलं तर पिन बदला. आणि टोपी परत लावा. ती नुसती शोभेची नसते, आतल्या रबरी वायसरमुळे धूळ आणि हवा दोन्ही थांबतात.

व्हॉल्व्हवर बसणारे हवेचे सेन्सर बाजारात मिळतात आणि पिकअपला ते फार उपयोगी आहेत. पण सेन्सरचं वजन रबरी व्हॉल्व्हला हलवून भेगा पाडतं, म्हणून आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवा. इशाऱ्याची मर्यादा भरल्या आकड्याच्या १५ टक्के खाली लावा. कंपनीनं आधीच लावलेली २५ टक्क्यांची मर्यादा मालाच्या गाडीला फार उशिराची आहे.

टायर वाचायला शिका

रेडियल टायरची बाजू बरोबर हवेतही थोडी फुगलेलीच दिसते. लाथ मारून किंवा नुसतं बघून ५५ आणि ७५ मधला फरक कळत नाही. कळते ती झीज. दर पाच हजार किलोमीटरला नक्षीची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजा. मध्य जास्त झिजला असेल तर हवा जास्त राहिली. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड झिजली किंवा हात फिरवल्यावर करवतीच्या दात्यांसारखं लागलं तर ते अलाइनमेंटचं काम आहे, हवेनं ते सुधारणार नाही. ठिकठिकाणी खोलगट खड्डे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर बघा. खाचांतल्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत नक्षी आली की टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर तर त्याच्या आधीच बदलावा.

पिकअपमध्ये एक गंमत दिसते: मागच्या टायरचा मध्य झिजलेला आणि तरी भरल्या गाडीला हवा कमी. याचा अर्थ गाडी अर्ध्याहून जास्त अंतर रिकामी, पण भरलेल्या आकड्यावर धावते. अशा वेळी भरलेल्या गाडीची हवा कमी करू नका, रिकामी असतानाची करा.

बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांवरून टायरचं वय कळतं. २३२३ म्हणजे २०२३ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनीवर हे आकडे आवर्जून बघा. ती कधीच न चालता म्हातारी होते.

लांबचा रस्ता, घाट आणि शेत

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर काँक्रीटचा आहे आणि त्यावर तासन्‌तास एकाच वेगानं गाडी चालते. कमी हवेचा टायर गावच्या रस्त्यावर थांबत-थांबत निभावून जातो, कारण मध्येमध्ये गार होतो. इथे त्याला उसंत मिळत नाही. दर फेऱ्याला बाजू दबते, सुटते, आतलं रबर तापतं आणि नक्षीखालच्या तारांच्या पट्ट्यांच्या कडा सुटायला लागतात. मे महिन्यात विदर्भात माल घेऊन निघायचं तर पहाटे थंड टायर तपासा, वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर नेऊ नका, दर दोन तासांनी थांबा.

शेतात किंवा वाळूत गाडी रुतली की हवा सोडतात. रिकाम्या गाडीला हे चालतं, पण २५ च्या खाली नको, वेग माणसाच्या चालण्याएवढा, आणि डांबरावर येण्याआधी पुन्हा भरायची. पंप जवळ नसेल तर सोडूच नका. भरलेल्या गाडीची हवा कधीच सोडायची नाही. माल उतरवा किंवा ट्रॅक्टर बोलवा.

थोडक्यात सांगण्यासारख्या काही गोष्टी

एकाच ॲक्सलवर एक नायलॉन (तिरप्या थरांचा जुन्या पद्धतीचा) आणि एक रेडियल असं घालू नका. ८ पीआरच्या जागी त्याच मापाचा १० पीआर घातला, पण माल तेवढाच असेल, तर हवा साधारण तेवढीच ठेवा. जादा प्लाय फक्त जादा हवा सोसण्यासाठी असतात. नायट्रोजन घातला तरी हवा तपासायचीच, कारण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि उष्णतेनं तोही तेवढाच फुगतो. चांगला टायरही महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतो. म्हणून मालाच्या गाडीचे टायर आठवड्यातून एकदा तपासा, आणि लांबच्या फेरीआधी दरवेळी.

हवा ठरलेल्या आकड्याच्या २० टक्के खाली गेलेली सापडली, म्हणजे ७५ च्या जागी ६० किंवा कमी, आणि गाडी तशीच भरलेली धावली असेल, तर तो टायर पंक्चर झाल्यासारखाच समजा. वरून हवा मारून पुढे निघू नका. रिमवरून काढून आतून बघा. आतल्या बाजूला सुरकुत्या, निळसर पट्टा किंवा रबराची भुकटी दिसली तर टायर आतून मेलाय, तो भंगारात द्या. बाजूत पोलादी तारा असलेला असा टायर हवा भरतानाच चेनसारखा उसवून फुटू शकतो. म्हणून तो पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीनं, बाजूला उभं राहून भरतात. पंक्चरवाला टायरवर वाकून हवा भरत असेल तर त्याला मागे व्हायला सांगा.

स्टेपनीत नेहमी मागच्या चाकाचा भरलेल्या गाडीचा आकडा ठेवा. पुढे लावायची वेळ आली तर हवा सोडणं एका मिनिटाचं काम आहे, भरायला मात्र रात्रीच्या घाटात कुणी भेटत नाही. हौद्याखाली टांगलेली स्टेपनी सहसा कुणी तपासत नाही, कारण व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असतो आणि हात पोचत नाही. व्हॉल्व्ह खाली येईल अशी ती उलटी बसते का ते पाहा, नाहीतर महिन्यातून एकदा खाली उतरवा. आणि चाक बदलल्यावर ५०-८० किलोमीटरनी थांबून नट पुन्हा एकदा कसून घ्या.